सौंसरचा नेचा आणि अंधेरीचा खडक

अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या गर्दीत, गिल्बर्ट हिल हा सुमारे दोनशे फूट उंचीचा काळा सुळका उभा आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आणि कड्यावर एकमेकांना चिकटलेले बेसाल्टचे उभे खांब. या खडकाचे वय किती, असा प्रश्न आज विचारला तर प्रयोगशाळा उत्तर देते. नव्वद वर्षांपूर्वी अशा प्रश्नाचे उत्तर एका नखाएवढ्या नेच्याकडे मागितले जात होते. आजचा धागा त्या नेच्याविषयी.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. सह्याद्रीच्या पायऱ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पायरीला स्वीडिश भाषेत जो शब्द आहे, त्यावरूनच या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव पडले. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक वा अनेक प्रवाह. मात्र हे प्रवाह सलग वाहिले नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात त्या भूमीवर तळी साचली, झाडे वाढली, बेडूक-कासवे नांदली. मग पुढच्या लाव्ह्याने ते सारे झाकून टाकले. या गाडल्या गेलेल्या तळ्यांच्या गाळाला आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. काही ठिकाणी सिलिकायुक्त पाणी वनस्पतींच्या पेशींत झिरपले आणि त्या जशाच्या तशा दगड झाल्या. हा दगड म्हणजे चर्ट, आपल्या गारगोटीचा जवळचा नातलग.

हे थर कोणत्या काळातले, यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद होता. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तेथील थरांतून शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले आणि १८६० च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांना ‘टर्शरी’ ठरवले. म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरचे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १८७९ च्या ग्रंथात मात्र पारडे क्रिटेशियसकडे, म्हणजे डायनोसॉरांच्या काळाकडे झुकले. पुढे बराच काळ तेच मत पाठ्यपुस्तकांत राहिले.

१९३४ साली मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेसचे एकविसावे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मेघनाद साहा. तेथे बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी मध्य प्रांतातील आंतर-ट्रॅपी चर्टमधून मिळालेल्या एका नव्या जातीची नोंद सादर केली : ‘अ‍ॅझोला इंटरट्रॅपिया’. चर्टच्या या वनस्पती सौंसरच्या परिसरातल्या. सौंसर म्हणजे नागपूरच्या उत्तरेचा, आजही घराघरांत मराठी बोलली जाणारा प्रदेश.

अ‍ॅझोला आपल्याला परका नाही. चाऱ्यासाठी शेतकरी तो खड्ड्यातल्या पाण्यात वाढवतात आणि भातखाचरात नत्रासाठी सोडतात. हा पाण्यावर तरंगणारा नेचा आहे. परंतु दगडातला एक ठिपका पाहून ‘हा अ‍ॅझोला, आणि तोही नवा’ असे म्हणायचे कसे?

पानांवर विसंबून फारसे भागत नाही; ती चिमुकली असतात आणि सहज कुजतात. खरी ओळख बीजुकांत असते. अ‍ॅझोलाची बीजुके दोन प्रकारची. मोठ्या बीजुकाच्या डोक्यावर फेसासारख्या पदार्थाचे तरंगक असतात. लहान बीजुके अशाच फेसाळ गोळ्यांत एकत्र रुतलेली असतात, आणि त्या गोळ्यांवर बारीक केसांसारखे काटे असतात. कित्येक जातींत त्यांची टोके हुबेहूब नांगरासारखी, म्हणजे जहाजाच्या नांगरासारखी. हा काटा मोठ्या बीजुकात अडकला की पाण्यात दोघांची गाठ पडते. अशी रचना दिसली की अ‍ॅझोला हे कुळनाव पक्के होते. जात ठरवणे याहून अवघड. हयात जातींत तरंगक तीन तरी असतात किंवा नऊ. काट्यांचा आकार, त्यांतील आडवे पडदे, बीजुकाच्या भिंतीवरची नक्षी हेही पाहावे लागते. हा संपूर्ण संच कोणत्याच ज्ञात जातीशी जुळला नाही, तरच नवे नाव देता येते.

येथे एक अडचण आहे, जी संग्रहालयातील काचेआडचे नमुने पाहताना जाणवत नाही. चर्टची चकती प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासली की सूक्ष्मदर्शकाखाली तिचा फक्त एक छेद दिसतो. त्या छेदात दोन तरंगक दिसले, म्हणून मुळात दोनच होते असे नाही. अनेक चकत्यांतून अनेक कोनांतले छेद जमवून मूळ गोल आकार मनात उभा करावा लागतो. १९३४ ची नोंद संक्षिप्त होती. साहनींचे सविस्तर वर्णन १९४१ साली आले.

त्याच प्रदेशातील मोहगाव कलां येथील चर्टवर भूवैज्ञानिक के. पी. रोडे काम करीत होते. १९४३ मध्ये साहनींनी तेथल्या आणखी एका पाणनेच्याला रोडे यांचेच नाव दिले : ‘रोडाइटिस’. पुढे १९५० साली प्रा. टी. एस. महाबळे यांनी ‘नेचर’मध्ये ‘साल्व्हिनिया इंटरट्रॅपिया’ प्रसिद्ध केला. मराठी नावे या कथेत अशी मधूनच येतात आणि आपण ती विसरतो.

आता मूळ वादाकडे. १९३४ सालीच साहनींनी ‘करंट सायन्स’मध्ये थेट प्रश्न विचारला : दख्खनचे ट्रॅप क्रिटेशियस की टर्शरी? त्यांचे उत्तर होते टर्शरी. मोहगावात निपा या खाडीकाठच्या ताडाचे फळ मिळाले होते आणि लंडनच्या टर्शरी मातीत तशीच फळे विपुल होती. अ‍ॅझोलाही तोवर टर्शरीपूर्वीच्या खडकांत ठाऊक नव्हता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. तारीख नसलेल्या मोडी कागदात एखादा शब्द आढळतो. त्या शब्दाचा जुना पुरावा नाही, म्हणून कागद उत्तरकालीन ठरवला जातो. मग एके दिवशी दुसऱ्या दप्तरात तोच शब्द पन्नास वर्षे आधी सापडतो. अ‍ॅझोलाचे तसेच झाले. पुढे उत्तर अमेरिकेतील क्रिटेशियस खडकांत त्याचे जीवाश्म मिळाले. माझ्या मते साहनींची ओळख चुकली नव्हती. ‘आजवर सापडले नाही’ याला त्यांनी ‘तेव्हा नव्हते’ इतके वजन दिले. १९९७ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मोहगावच्या परागकणांवरून तो थर क्रिटेशियसच्या अखेरचा असल्याचे दाखवले.

म्हणजे साहनी हरले? एवढे सोपे नाही. दख्खनचे उद्रेक क्रिटेशियसच्या अंती सुरू झाले आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची सीमारेषा ओलांडून पुढे चालू राहिले. २००१ साली आर्गॉन पद्धतीने गिल्बर्ट हिलचे वय मोजले गेले : ६.०५ कोटी वर्षे, बारा लाख इकडे-तिकडे. अंधेरीचा हा सुळका साहनींच्या बाजूचा निघाला.

त्याच्या शेजारी, आंबोलीच्या खाणीत, लाव्ह्याखाली दबलेल्या तळ्याचा थर आहे. तेथील एका कासवाला २००३ मध्ये ‘सांकुकेमिस’ हे नाव मिळाले आणि त्या निबंधाच्या शीर्षकात काळ लिहिला आहे ‘उत्तर क्रिटेशियस’. दोनच वर्षांनी मुंबईच्या आंतर-ट्रॅपी थरांतील परागकण व बीजुकांवर दुसरा निबंध आला. त्याच्या शीर्षकात हेच थर सीमारेषेनंतरचे म्हटले आहेत.