शकुंतलेचा आराखडा : १८९ किलोमीटर एका खोलीत कसे मावतात?

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचे स्थान मोठे आहे. तिची प्रतिकृती टेबलावर उभारायची ठरवली, तर पहिला प्रश्न इंजिनाचा नसून रुळांच्या आराखड्याचा असतो. तो आराखडा आखताना आणि खोडताना या मार्गाचा इतिहासच उलगडत जातो. 🧵

२/ मूर्तिजापूर हे या मार्गाचे केंद्र. तेथून एक फाटा कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला, तर दुसरा अचलपूरला जाई. दोन्ही मिळून सुमारे १८९ किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने हा मार्ग उभारला, तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचावा म्हणून.

३/ आता हिशेब. छंदिष्टांमध्ये सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:८७. या प्रमाणात १८९ किलोमीटरचे रूळ २ किलोमीटरांहून अधिक लांब होतात! म्हणजे पहिला आराखडा कागदावरच बाद. मार्ग जसाच्या तसा उतरवता येत नाही. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावे लागते.

४/ दुसरा पेच रुळांमधील अंतराचा. शकुंतलेचे नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचे. ८७ ने भागल्यास ८.८ मिलिमीटर येतात, आणि बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ जवळपास चपखल बसतात. ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटर, त्याला १९.३ हवेत. तयार मिळतात ते १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर मार्गासाठी घडवलेले. भारतीय मुख्य मार्ग या रुळांवर अरुंद दिसतो.

५/ मग गाळायचे काय? मधली शेते, लहान थांबे, लांबलचक सरळ पट्टे आखडता येतात. मूर्तिजापूरचा मालधक्का मात्र गाळता येत नाही. दोन गेजचे रूळ तेथे शेजारी येत. छोट्या डब्यांतील कापसाच्या गाठी तेथे उतरवून मोठ्या डब्यांत चढवाव्या लागत. हा मालधक्का वगळला, तर गाडी धावेल, पण ती कशासाठी धावत होती हे कळणार नाही.

६/ आराखडा बदलणे हे अपयश नव्हे. पुण्याच्या भाऊ जोशी यांनी आधी ठिकठिकाणी नेता येईल अशी मांडणी केली होती. पुढे कोथरूडमध्ये कायमस्वरूपी मांडणी उभी राहिली आणि १९९८ मध्ये तिचे संग्रहालय झाले. अमेरिकेत जॉन ॲलन यांनी आपली पहिली छोटीशी मांडणी मोडली नाही. पुढच्या मोठ्या मांडणीत ती सामावून घेतली.

७/ ॲलन जानेवारी १९७३ मध्ये वारले आणि काही दिवसांतच लागलेल्या आगीत ती मांडणी नष्ट झाली. आज ती उरली आहे छायाचित्रांत आणि नकाशांत. म्हणून जाणकार प्रत्येक आराखडा, अगदी रद्द झालेलासुद्धा, तारीख घालून जपून ठेवतात.

८/ शकुंतलेच्या बाबतीत ही दक्षता अधिक निकडीची आहे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेल्या वाफेच्या इंजिनाची जागा १९९४ मध्ये डिझेलने घेतली. पुढे गाडीही थांबली. मार्गाचे ब्रॉडगेज झाले, तर दोन गेजची भेट संपेल आणि त्या मालधक्क्याचे प्रयोजनही.

९/ म्हणून आराखड्याचे काम आजच सुरू व्हावे. स्थानकांची मापे घ्यावीत, सांधे कोठे होते ते नोंदवावे, गाडीत काम केलेल्या वृद्धांना विचारून फलाटांची रचना कागदावर उतरवावी. रूळ नंतरही विकत घेता येतील. ती माणसे आणि ते फलाट नंतर भेटतीलच असे नाही.