बेल्जमची भाषासीमा

बेल्जमचा इतिहास वर्गात शिकविताना आम्हां सीमाभागातील शिक्षकांस तो परका वाटत नाही. भाषा, शाळा आणि सरहद्द यांचा जो गुंता आमच्या दाराशी आहे, तोच त्या चिमुकल्या देशाने दीडशे वर्षांहून अधिक काळ सोशिला. त्यातून त्याने काढलेली वाट सुजाण वाचकांनी पारखून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१८३० साली बेल्जम स्वतंत्र झाला. १८३१ च्या राज्यघटनेने भाषेच्या वापराचे स्वातंत्र्य दिले खरे. परंतु कायदा, न्यायालय आणि उच्च शिक्षण यांवर प्रभुत्व राहिले ते फ्रेंचचे. निम्म्याहून अधिक प्रजा डच बोलीभाषा बोलणारी. पण फ्लँडर्समधील सुखवस्तू वर्गही फ्रेंचचाच अभिमानी होता. १८७३ मध्ये फ्लँडर्सच्या फौजदारी न्यायालयांत डचला प्रवेश मिळाला. १८९८ च्या कायद्याने दोन्ही भाषांतील कायद्यांस समान मान दिला. घेंटचे विद्यापीठ संपूर्णपणे डच होण्यास मात्र १९३० साल उजाडावे लागले.

१९३२ च्या कायद्यांनी प्रदेशाची भाषा हीच कारभाराची व शिक्षणाची भाषा ठरविली. सीमेवरील गावांचे भवितव्य दर दहा वर्षांच्या शिरगणतीवर सोपविले गेले. गावातील भाषिक अल्पसंख्य शेकडा ३० झाले की त्यांस सवलती, आणि निम्म्यापलीकडे गेले की गावाची भाषाच पालटावयाची! याचा परिणाम असा झाला की, शिरगणती ही मोजणी न राहता मतदान होऊन बसली. १९४७ च्या गणतीचे भाषिक आकडे प्रसिद्ध होण्यास १९५४ साल उजाडले, आणि १९६१ मध्ये भाषेची गणनाच कायद्याने बंद करण्यात आली. पुढच्याच वर्षी संसदेने भाषासीमा कायमची आखून टाकली.

या आखणीत फूराँ, म्हणजे डच नावाने व्हूरेन, ही सहा खेड्यांची वस्ती लिएज प्रांतातून काढून १९६३ साली लिंबुर्गला जोडण्यात आली. तेथील बोली डचच्या जवळची. पण बहुसंख्य रहिवाशांची ओढ लिएजकडे होती. सुमारे चार हजार लोकवस्तीच्या या गावांचा तंटा इतका पेटला की, डच भाषा वापरण्यास नकार देणाऱ्या नगराध्यक्षाच्या प्रश्नावरून १९८७ साली देशाचे सरकार कोसळले. त्याआधी १९६८ मध्ये १४२५ सालच्या लूव्हेन विद्यापीठाच्या दुभंगानेही एक सरकार घेतलेच होते. फ्रेंच विभागास वॉलोनियात नवे नगर वसवावे लागले, आणि ग्रंथालयाचीसुद्धा वाटणी झाली.

अशा ठेचा खात १९७० पासून सत्तावाटपाची रचना उभी राहिली. पंतप्रधान वगळता केंद्रीय मंत्रिमंडळात डच व फ्रेंच भाषिक मंत्री समसंख्य असावेत. विशेष कायद्यांस एकूण दोन तृतीयांश मतांबरोबर प्रत्येक भाषागटाचेही बहुमत लागावे, असे ठरले. १९९३ मध्ये घटनेच्या पहिल्याच कलमाने बेल्जम हे संघराज्य असल्याचे जाहीर केले. तेथे प्रदेशांकडे अर्थकारण व भूमी, तर भाषिक समाजांकडे शिक्षण व संस्कृती अशी वाटणी आहे. पूर्वेकडील जर्मन भाषिकांची संख्या ८० हजारांच्या आत; तरी त्यांचाही स्वतंत्र समाज, स्वतःची विधिसभा व स्वतःचे सरकार आहे.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. २०१०-११ मध्ये नवे सरकार बनण्यास ५४१ दिवस लागले. तथापि एवढा दीर्घ कलह होऊनही देश फुटला नाही, हे विसरून चालणार नाही.

आमच्या मते यातील मुख्य बोध असा की, सीमारेषा कोठेही ओढा, तिच्या पलीकडे आपली काही माणसे राहणारच. बेल्जमने जर्मन भाषिकांस जे दिले ते संख्येच्या बळावर नव्हे. आणि फूराँमध्ये जे चुकले ते गावकऱ्यांना न विचारता रेषा हलविल्यामुळे. आपल्याकडे १९५६ च्या दुरुस्तीने घटनेत आलेले कलम ३५० अ अल्पसंख्य मुलांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगते. सीमेचा निकाल लागावयाचा तेव्हा लागो. तोवर त्या कलमाचा अर्थ प्रत्येक शाळेच्या पटावर दिसला पाहिजे. हे पाहण्याचे काम राज्यकर्त्यांइतकेच आम्हां शिक्षकांचेही आहे.