पंचरंगी सामन्यांची कहाणी

क्रीडासंघ कोणत्या नात्याने बांधला आहे, यावर स्पर्धेचे आयुष्य पुष्कळ अवलंबून असते. मुंबईचे पंचरंगी क्रिकेट सामने याचे बोलके उदाहरण होय. १८९२ साली युरोपियन व पारशी यांच्यात वार्षिक सामने सुरू झाले. १९०७ साली हिंदू आल्याने ते तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमान आल्याने चौरंगी, आणि १९३७ साली ख्रिस्ती, ज्यू आदींचा ‘शेष’ संघ आल्याने पंचरंगी.

परंतु धर्माच्या नावाने जुळलेल्या संघातही समता नव्हती. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळू पालवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी मिळविले. तरी हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड झाली नाही. तो मान १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला, आणि त्या वर्षी संघाने अजिंक्यपद जिंकले.

पुढे रणजी स्पर्धा प्रांतांच्या व रोहिंटन बारिया स्पर्धा विद्यापीठांच्या नात्यावर उभी राहिली. गर्दी मात्र पंचरंगीकडेच लोटे. १९४३ साली शेष संघाच्या ३८७ धावांपैकी विजय हजारे यांनी एकट्यांनी ३०९ काढल्या, तरीही संघ हरला. अशा खेळाचा मोह सुटणे सोपे नव्हते. १९४० साली गांधीजींनी धर्मभेदावर आधारलेल्या या सामन्यांना विरोध दर्शविल्यानंतरही ते काही वर्षे चालले आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर कायमचे थांबले. लोकप्रियता उदंड असूनही, दुभंगू लागलेल्या देशात त्या संघांच्या नावांनाच निखळ खेळाचा अर्थ उरला नव्हता.