जुन्या जल-स्कूटरचा इंधनमार्ग : एका दोषाची चिकित्सा

यंत्रांचा इतिहास लिहिणारा अभ्यासक बहुधा पेटंटे, कारखान्यांच्या माहितीपुस्तिका व विक्रीचे आकडे ह्यांवर विसंबतो. यंत्र बंद का पडले, हा प्रश्न कारागिराचा समजून तो बाजूला ठेवतो. वस्तुतः बंद पडलेल्या यंत्रात साठलेला गाळ हेही इतिहासाचे एक साधनच होय. प्रस्तुत निबंधात अशाच एका गाळाचा विचार करावयाचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तयार झालेल्या ‘सी-डू’ ह्या जल-स्कूटरांच्या कार्ब्युरेटरांत हिरवट रंगाचा, चिकट असा एक पदार्थ आढळतो. त्याची उपपत्ती बहुतेक सर्वत्र एका शब्दात सांगितली जाते : इथेनॉल. ही उपपत्ती अपुरी आहे असे माझे मत आहे. ती कालक्रमाला पुरती उतरत नाही, आणि तिच्यावर विसंबणारा मालक इंजिन दुरुस्त करून पुन्हा गमावण्याचा संभव असतो.

ह्या वाहनाची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. क्लेटन जेकबसन (दुसरा) ह्या अमेरिकन मोटारसायकलस्वाराची कल्पना घेऊन कॅनडातील बॉम्बार्डिए कंपनीने 1968 साली पहिली ‘सी-डू’ बाजारात आणली; ती फार काळ टिकली नाही. पुढे जपानच्या कावासाकी कंपनीने 1973 साली उभ्याने चालवावयाची ‘जेट स्की’ काढली, आणि ते नाव इतके रूढ झाले की आज गोव्याच्या वा मालवणच्या किनाऱ्यावर कोणत्याही कंपनीच्या जल-स्कूटरला जेट स्कीच म्हणतात. डालडा ह्या शब्दाच्या बाबतीत आपल्याकडे जे झाले तेच हे. बॉम्बार्डिएने 1988 साली बसून चालवावयाच्या नव्या ‘सी-डू’द्वारे ह्या क्षेत्रात पुनःप्रवेश केला. आपला गाळ ह्या दुसऱ्या पिढीतील आहे.

ह्या यंत्रांचे इंजिन रोटॅक्स बनावटीचे, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांचे. पाण्यावर वाहन सतत हिंदकळते, क्वचित उलटतेही. म्हणून तरंगत्या गोळ्याचा नेहमीचा कार्ब्युरेटर येथे चालत नाही. त्याऐवजी मिकुनी कंपनीचा पडद्याचा कार्ब्युरेटर बसविलेला असतो. क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारामुळे त्यातील एक पडदा आतबाहेर होतो व टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. दुसरा पडदा एका बारीक सुईझडपेची उघडझाप करून ते मोजून सोडतो. टाकीत वेगवेगळ्या उंचीची दोन शोषणमुखे असतात, एक नेहमीचे व एक राखीव. पुण्याच्या चेतक स्कूटरची तीन स्थानांची तोटी ज्यांनी फिरविली आहे त्यांना ही योजना समजावून सांगण्याची गरज नाही. तोटीनंतर पाणी वेगळे करणारी गाळणी, तिच्यापुढे नळी, आणि शेवटी कार्ब्युरेटरच्या पोटात बसविलेली अत्यंत लहान, बारीक जाळीची दुसरी गाळणी. एक परतीची नळी उरलेले पेट्रोल टाकीत नेऊन सोडते.

ह्या मार्गाची रचना बारकाईने पाहण्याचे कारण असे की गाळ कोठे सापडतो ह्यातच त्याच्या उगमाचा पुरावा आहे. पाठचिकित्सेत आपण जो न्याय लावतो तोच येथे लागू पडतो. एखादा अपपाठ विशिष्ट प्रतीपासून पुढच्या सर्व प्रतींत आढळला व मागच्या प्रतींत आढळला नाही, तर तो त्या टप्प्यावर शिरला असे आपण मानतो. भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम (1919–1966) प्रतींच्या अशाच वंशवृक्षावर उभे राहिले. येथे मोठी गाळणी स्वच्छ आणि कार्ब्युरेटरमधील लहान गाळणी बुजलेली, अशी स्थिती अनेकदा दिसते. गाळ टाकीतून घनरूपाने आला असता तर मोठ्या गाळणीने तो अडविला असता. पेट्रोलमध्ये विरघळून आलेला अंश गाळणीतून निसटू शकतो, हे खरे. परंतु त्या दोन गाळण्यांमधील नळीचा तुकडा उभा चिरून पाहिल्यास तिची आतली भिंत मऊ व चिकट झालेली दिसते, तेव्हा संशयाला फारशी जागा उरत नाही. दोष नळीचा आहे. त्या काळात कारखान्यातून बसविलेल्या करड्या रंगाच्या नळ्या कालांतराने आतून विघटित होतात. त्याच इंजिनांवर नंतर बसविलेल्या, सागरी इंधनासाठी प्रमाणित केलेल्या काळ्या रबरी नळ्या तेच पेट्रोल वाहतात व टिकतात. इंधन एकच, परिणाम भिन्न. तेव्हा भेदाचे कारण नळीच्या द्रव्यात शोधले पाहिजे.

इथेनॉलचा पक्ष मांडणारे म्हणतात की यंत्र जुने आणि इंधन नवे. अमेरिकेच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. तेथे इथेनॉलमिश्रित पेट्रोलला 1978 च्या कायद्याने करसवलत मिळाली होती व मध्य-पश्चिमेकडील राज्यांत ते ह्या यंत्रांच्या जन्मापूर्वीच विकले जात होते. उलट कॅलिफोर्नियात 2003 च्या अखेरीस बंदी अमलात येईपर्यंत एमटीबीई हे वेगळेच द्रव्य प्रामुख्याने पेट्रोलमध्ये मिसळले जाई. इथेनॉलचा देशव्यापी प्रसार झाला तो 2005 च्या ऊर्जाधोरण कायद्यानंतर. म्हणजे ‘नवे इंधन’ हे एकाच दिवशी, एकाच जागी आले नाही, आणि नळ्यांचा रंग व द्रव्य मात्र सर्वत्र तेच होते. इथेनॉलने विघटनाचा वेग वाढविला असेल, हे मी नाकारीत नाही. त्याचा स्वतंत्र अपराध निराळा आहे : ते पाणी शोषून घेते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मावते. त्याहून अधिक झाले की पाणी व इथेनॉल मिळून एक वेगळा थर तळाशी बसतो, आणि राखीव शोषणमुख नेमके तळाजवळ असते. ह्या दोषाची खूण हिरवा चिकटा ही नव्हे. गाळणीच्या वाटीत वेगळा दिसणारा थर ही त्याची खूण. दोन्ही दोषांना एकच नाव दिल्याने दोन्हींचे निदान बिघडते.

निदान बिघडले तर काय होते, हेही पाहिले पाहिजे. लहान गाळणी अर्धवट बुजली की मंद गतीला इंजिन सुरळीत चालते, कारण तेव्हा इंधन थोडेच लागते. पूर्ण वेग दिला की ते गुदमरते. मालकाला वाटते, स्पार्क प्लग गेले. तो ते बदलतो आणि वाहन पुन्हा पूर्ण वेगाने पिटाळतो. मिश्रणात हवा अधिक व पेट्रोल कमी, अशा अवस्थेला आपण विरल मिश्रण म्हणू. अशा मिश्रणाने ज्वलनाचे तापमान वाढते व दट्ट्याचा माथा वितळतो किंवा दट्ट्या सिलिंडरात जखडतो. ज्या जुन्या यंत्रांत तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालावे लागे, त्यांत इंधनाबरोबर वंगणही कमी पडते. ‘सी-डू’मध्ये तेलाचा पंप स्वतंत्र असल्याने ती एक आपत्ती टळते, उष्णतेची टळत नाही. मग इंजिन उघडून नवा दट्ट्या बसविला जातो, नळ्या मात्र जुन्याच राहतात, आणि काही काळाने तोच सिलिंडर पुन्हा जळतो. दोन कार्ब्युरेटरांच्या इंजिनात एकच सिलिंडर जळाला असेल तर त्याच बाजूची गाळणी प्रथम पाहावी, हे वेगळे सांगावयास नको.

तपासाचा क्रम मार्गाच्या रचनेवरूनच ठरतो. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सुधारले, तर हवा आत घेणारी झडप अडकली आहे. तोटी राखीव स्थानावर फिरविताच दोष नाहीसा झाला, तर नेहमीच्या शोषणमुखाचा मार्ग तपासावा. तोटीची जुनी कडी झिजली असेल तर पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते, आणि बाहेर एक थेंबही गळत नसल्याने हा दोष सर्वांत फसवा ठरतो. ताज्या पेट्रोलचा स्वतंत्र डबा थेट कार्ब्युरेटरला जोडूनही इंजिन गुदमरले, तर दोष कार्ब्युरेटरात वा त्यापुढे. न गुदमरल्यास मागे. (हा प्रयोग पाण्याबाहेर काही सेकंदांपलीकडे लांबवू नये, व आसन उघडून वाफा जाऊ दिल्याशिवाय तर मुळीच करू नये.) कार्ब्युरेटर स्वच्छ केल्यावर नळ्या बदलल्या नाहीत, तर ते श्रम फुकट जातात. परतीची नळी लोक विसरतात. तीही करडीच असते.

ही यंत्रे आता संख्येने घटत आहेत. टू-स्ट्रोक इंजिनातून पेट्रोलचा सुमारे चौथा हिस्सा न जळताच बाहेर जातो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1996 साली नियम केले, आणि 1 जून 1999 पासून टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक जल-स्कूटरांना मज्जाव झाला. 2002 च्या सुमारास फोर-स्ट्रोक जल-स्कूटरी आल्या. जुन्या यंत्रांच्या नळ्या आज जेथे जेथे बदलल्या जातात तेथे तेथे त्या कचऱ्यात जातात, व त्यांच्याबरोबर हा पुरावाही.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ परदेशी कुतूहलाचा नाही. 2003 साली ज्या नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉलमिश्रण सुरू झाले त्यांत उसाचा महाराष्ट्र होता. 2022 साली देशात हे प्रमाण दहा टक्क्यांवर व 2025 साली वीस टक्क्यांवर गेले. जुन्या स्कूटरींच्या आणि किनाऱ्यावरच्या जुन्या मोटारींच्या रबरी नळ्यांवर त्याचा परिणाम काय होतो, ह्याची चर्चा गॅरेजांतून चालते. तेथेही सर्व दोष एका शब्दावर ढकलण्याची तीच प्रवृत्ती दिसते. नळी काढताना ती कोणत्या वर्षाची, कोणत्या टप्प्यावरची, आतून कशी, एवढी तीन वाक्ये जरी कोणी टिपून ठेवली, तरी ह्या चर्चेला कालक्रमाचा आधार मिळेल.