ट्रॉम्बोनचा दबलेला स्वर

१८१२ सालच्या शरद ऋतूत बेथोव्हन ऑस्ट्रियातील लिंझ या गावी आपल्या भावाकडे मुक्कामास होते. तेथील कॅथेड्रलचे संगीतप्रमुख फ्रान्झ झेवियर ग्लोगल यांनी त्यांच्याकडे एक मागणी केली. नोव्हेंबरच्या दोन तारखेस, सर्व मृतांच्या स्मरणदिनी वाजवता येतील अशा काही रचना त्यांना हव्या होत्या आणि त्याही केवळ चार ट्रॉम्बोनसाठी. बेथोव्हन यांनी तीन लहान रचना लिहून दिल्या. त्यांत ऑर्गन नाही, तंतुवाद्य नाही, गायकही नाहीत. चार पितळी नळ्या एकमेकींना धरून, पेटी वाहणाऱ्या चौघांसारख्या, सावकाश पावले टाकीत जातात. पुढे मार्च १८२७ मध्ये व्हिएन्नात खुद्द बेथोव्हन यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा यांपैकीच दोन रचना, स्तोत्राचे शब्द त्यांवर बसवून, पुरुषांच्या आवाजात आणि ट्रॉम्बोनच्या साथीने सादर झाल्या.

ट्रॉम्बोन म्हटले की आपल्याकडे वरातीतला बँड किंवा जुन्या हिंदी चित्रपटातला क्लबचा प्रसंग डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात या वाद्याची कित्येक शतके देवालयात गेली आहेत. व्हेनिस येथील संत मार्कच्या बॅसिलिकेत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पगारी वादकांचा ताफा असे. तेथील ऑर्गनवादक जोव्हान्नी गाब्रिएली यांची १५९७ साली छापली गेलेली एक रचना संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. कुठे हळू वाजवायचे आणि कुठे मोठ्याने, हे छापील स्वरलिपीत सांगणाऱ्या अगदी आरंभीच्या रचनांत तिची गणना होते. तिच्यातील आठ वाद्यांपैकी सहा ट्रॉम्बोन आहेत. आजच्या ट्रॉम्बोनपेक्षा ते वाद्य अरुंद नळीचे आणि लहान तोंडाचे होते. गायकांच्या आवाजात मिसळून जाणे हा त्याचा मोठा गुण मानला जाई. हळू वाजवायचे तर वादक फुंकर आवरी. वाद्याच्या तोंडात काही कोंबण्याची कल्पना कोणाच्या मनात असल्याचे दिसत नाही.

ते कोंबायचे साधन म्हणजे म्यूट. ट्रम्पेटसाठी लाकडी म्यूट सतराव्या शतकाच्या आरंभीच प्रचारात होते. १६०७ साली माँटेव्हर्दी यांच्या ‘ऑर्फेओ’ या संगीतिकेच्या आरंभी ट्रम्पेट म्यूट लावून वाजवण्याची सूचना आढळते. शोकप्रसंगी ट्रम्पेटचा आवाज झाकण्यासाठीही त्याचा उपयोग होई. ट्रॉम्बोनला मात्र ही गरज फार उशिरा भासली. एकोणिसाव्या शतकात वाद्याचे तोंड रुंदावत गेले, वाद्यवृंद फुगत गेले आणि शतकाच्या अखेरीस संगीतकार पितळी वाद्यांच्या तोंडी म्यूट लावून निरनिराळे रंग शोधू लागले. १८९७ च्या ‘डॉन क्विक्झोट’मध्ये रिचर्ड स्ट्राउस यांनी म्यूट लावलेल्या पितळी वाद्यांकडून मेंढरांच्या कळपाचे बेंबाटणे काढून घेतले आहे. ते ऐकताना हसू आवरत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. म्यूट हा आवाज कमी करण्यासाठी असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आवाज कमी होतो हे खरे. परंतु वादक म्यूट निवडतो तो स्वराचा पोत पालटण्यासाठी. सर्वांत साधा प्रकार म्हणजे सरळ शंकूच्या आकाराचा. त्याच्या अंगाला बुचाच्या तीन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांमुळे तो वाद्याच्या तोंडात अडकून बसतो आणि पट्ट्यांच्या मधून हवेला वाट राहते. खालचे जाड नाद आत अडतात, वरचे बारीक नाद निसटून बाहेर येतात आणि स्वर काहीसा नाकात बोलल्यासारखा, टोकदार होतो. तोच म्यूट ॲल्युमिनियमचा असेल तर स्वराला धार येते, पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा असेल तर ती बोथट होते. याच शंकूच्या बुडाशी वाद्याकडे तोंड करून एक वाटी बसवली की स्वर गोल आणि दूरचा वाटू लागतो. वाटी आणि वाद्य यांतले अंतर बोटभर कमीजास्त केले तरी फरक कानाला कळतो. बादलीसारखा एक प्रकार आहे. त्यात कापसासारखे मऊ द्रव्य भरलेले असते आणि तो तोंडावर टांगला जातो. शिकागोतील नृत्यगृहाचे मालक पॅट्रिक हार्मन यांच्या नावाने ओळखला जाणारा आणखी एक प्रकार आहे. त्याला बुचाचे अखंड कडे असल्याने सारी हवा मधल्या छोट्या नळीतूनच जाते. त्या नळीवर तळहात उघडझाप केला की वाद्य लहान मुलासारखे रडू लागते.

निवड करताना केवळ स्वराचा रंग पाहून भागत नाही. म्यूट लावल्यावर सूर थोडा चढतो. ट्रॉम्बोनवादक सरकती नळी किंचित बाहेर नेऊन तो सावरून घेतो. लहान म्यूट मोठ्या वाद्याला लावला तर खर्जाचे सूर अडखळतात, म्हणून बास ट्रॉम्बोनचे म्यूट वेगळे घ्यावे लागतात. तो लावायला आणि काढायला संगीतात मोकळ्या मात्रा हव्यात. संगीतकार हे विसरला की वादकाची तारांबळ उडते आणि ॲल्युमिनियमचा शंकू चर्चच्या फरशीवर पडल्यावर जो नाद होतो, त्याची नोंद कोणत्याही स्वरलिपीत नसते! शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून सरावासाठी वेगळा म्यूट मिळतो. चाळीत राहणाऱ्या वादकांनी त्याचे उपकार मानावेत.

या सर्वांहून थोर ठरलेला म्यूट वाद्यांच्या दुकानातला नव्हेच. मोरी किंवा बेसिन तुंबले म्हणजे पाणी मोकळे करण्यासाठी काठीला लावलेली रबरी वाटी आपण वापरतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी काठी काढून टाकली आणि ती वाटी वाद्याच्या तोंडावर धरली. न्यू ऑर्लिन्सचे जो ‘किंग’ ऑलिव्हर पेले, वाट्या, जे हाती लागेल ते कॉर्नेटच्या तोंडाशी धरून त्याला बोलते करीत. त्यांचे वादन ऐकून ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील ट्रम्पेटवादक बबर मायली प्रभावित झाले आणि हीच विद्या १९२६ साली त्या वृंदात दाखल झालेल्या जो नॅन्टन यांनी ट्रॉम्बोनवर आणली. नॅन्टन यांचा जन्म १९०४ साली न्यू यॉर्कमध्ये, वेस्ट इंडीजमधून आलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. ते ट्रॉम्बोनच्या तोंडात आत ट्रम्पेटचा लहानसा सरळ म्यूट बसवीत, त्यावर बाहेरून रबरी वाटी हलवीत आणि घशातून गुरगुरत. ट्रॉम्बोनवादकाचा उजवा हात सरकत्या नळीवर गुंतलेला असतो, डावा हात वाद्य पेलतो. त्याच डाव्या हाताने वाटीही चालवायची म्हणजे वाद्य मानेखांद्यावर तोलून धरावे लागते. एवढ्या खटाटोपातून जो स्वर निघे, तो माणसाच्या बोलण्याच्या इतका जवळचा असे, की श्रोत्यांना शब्द ऐकू आल्याचा भास होई.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मायली आणि एलिंग्टन यांची १९२७ मधील ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’ ही रचना याच गुरगुरत्या स्वरांसाठी गाजली. तिची मुख्य चाल ‘द होली सिटी’ या, १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि यरुशलेम नगरीचे स्तवन करणाऱ्या भक्तिगीतावरून, ते उदास स्वरांत नेऊन, घडवलेली आहे. आपल्याकडील इंग्रजी गायनपथकांनाही ते गीत परिचित आहे. मायली यांनी ते आपल्या आईच्या तोंडून ऐकले होते, असे सांगतात. रचनेचा शेवट शोपँ यांच्या शोकयात्रेच्या सुरावटीने होतो. म्हणजे घरातले भक्तिगीत आणि स्मशानवाट यांच्यामध्ये ही रबरी वाटी बोलत राहते. हेच संगीत १९२७ च्या डिसेंबरपासून न्यू यॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये वाजू लागले. तेथे वादक कृष्णवर्णीय आणि गिऱ्हाईक गोरे. कृष्णवर्णीयाला गिऱ्हाईक म्हणून आत प्रवेश नव्हता. तेथील जाहिरातीत या स्वरांना ‘जंगल’ संगीत असे नाव मिळाले. आईच्या गीतातून निघालेल्या चालीला जंगली ठरवून तिकीट लावणे, हा त्या काळचा व्यापार आम्हाला आजही बोचतो. मायली १९३२ साली क्षयाने वारले. नॅन्टन अखेरपर्यंत एलिंग्टन यांच्यापाशी राहिले. १९४३ च्या जानेवारीत कार्नेगी हॉलमध्ये एलिंग्टन यांनी आपल्या लोकांचा इतिहास सांगणारी दीर्घ रचना सादर केली, तेव्हा गुलामांच्या कष्टगीताच्या भागात वाटी धरलेला ट्रॉम्बोन नॅन्टन यांचाच होता. त्याच रचनेतील ‘कम संडे’ या भागामागे, गोऱ्यांच्या चर्चबाहेर थांबून आतली उपासना कान देऊन ऐकणाऱ्या गुलामांचे चित्र आहे. १९४६ च्या जुलैमध्ये दौऱ्यावर असतानाच नॅन्टन यांचे निधन झाले.

याच काळात आपल्या चर्चमध्ये या वाद्यांची स्थिती काय होती? पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, उपासनासंगीताविषयी आज्ञापत्र काढले. पियानो, ढोल, झांजा यांसारखी वाद्ये त्यांनी मनाई केली. बँडला चर्चमध्ये सक्त बंदी झाली. फुंकवाद्ये हवीच असतील तर विशेष प्रसंगी, बिशपांच्या संमतीने, मोजकी आणि ऑर्गनला शोभेल अशा गंभीर शैलीत. मिरवणुकीत बँडला परवानगी मिळू शकते, मात्र ऐहिक गाणी वाजवायची नाहीत. संगीतिकेच्या झगमगाटाने वेदी झाकोळली होती, म्हणून हा नियम आवश्यक होता असे आम्हास वाटते. तथापि लिंझच्या त्या चार ट्रॉम्बोनना या नियमाने दाराशी थांबून परवानगी मागावी लागली असती, हेही तितकेच खरे.

गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली मुले पोटापाण्यासाठी मुंबईस आली, ती याच नियमाच्या छायेत. सकाळी मिस्साचे गायन आणि रात्री हॉटेलातील नृत्यसंगीत, अशी त्यांच्यातील अनेकांची दिनचर्या होती. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यापाठोपाठ आलेल्या अशा वादकांना ऐकून आपल्या मंडळींनी जॅझ आत्मसात केले. आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांत अग्रगण्य. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. हिंदी चित्रपटात म्यूट लावलेल्या पितळी वाद्यांचा स्वर बहुधा क्लब, मद्य आणि खलनायक यांच्याच वाट्याला आला आणि वाजवणारे हात पुष्कळदा रविवारी चर्चच्या सज्जात व्हायोलिन धरणारे असत. या विरोधाविषयी त्यांच्यापैकी कोणी लिहून ठेवले असते तर किती बरे झाले असते!

एलिंग्टन स्वतः १९६३ च्या शरद ऋतूत अमेरिकन सरकारच्या वतीने भारतात आले. मुंबईतही त्यांचे कार्यक्रम झाले. नॅन्टन यांच्या वाटीचे काम तेव्हा लॉरेन्स ब्राउन करीत होते. ब्राउन हे मेथॉडिस्ट पाळकाचे पुत्र. दारू आणि तंबाखू यांपासून दूर असलेले, सहकाऱ्यांत ‘डीकन’ म्हणून ओळखले जाणारे. मोकळा, गाता, रेशमी स्वर ही त्यांची ख्याती होती. ती गुरगुरती वाटी त्यांना मुळीच आवडत नसे. नोकरीचा भाग म्हणून त्यांनी ती हाती धरली आणि उत्तम वाजवली. म्यूटची निवड नेहमी वादकाच्याच हाती असते असे नाही.

त्याच वर्षी ४ डिसेंबर रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. ऑर्गनचा मान त्यात कायम आहे. इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने घेता येतील, ती पवित्र कार्यास योग्य असतील किंवा योग्य करून घेता येतील तर, असा त्याचा आशय आहे. ‘योग्य करून घेता येतील’ ही मुभा आम्हाला फार मोलाची वाटते. वाद्य जन्मतः पवित्र किंवा अपवित्र नसते, हे तिच्यात गृहीत आहे. आपल्या धर्मग्रामांत ट्रॉम्बोन वाजवणारी तरुण मुले आहेत. त्यांना गायकवृंदासोबत बसवायचे तर वाटीचा किंवा बादलीचा म्यूट देऊन पाहण्यास कोणाची हरकत नसावी. मात्र पुनरुत्थानाच्या रात्री त्यांना तोंड मोकळे ठेवून वाजवू द्यावे.

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये एलिंग्टन यांनी आपला पहिला पवित्र संगीताचा कार्यक्रम केला. १९६८ साली न्यू यॉर्कच्या संत योहान कॅथेड्रलमध्ये दुसरा झाला. त्यासाठी त्यांनी जॅझवादकांमध्ये सेवा करणारे लुथेरन पाळक जॉन गेन्सेल यांना उद्देशून एक रचना लिहिली होती: रात्रीच्या कळपाची राखण करणारा मेंढपाळ. तिचा एकल भाग वाजवण्यास कूटी विल्यम्स उभे राहिले. १९२९ साली मायली यांची जागा त्यांनीच घेतली होती. उंच दगडी कमानींखाली त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला आणि डाव्या हाताने ती रबरी वाटी त्याच्या तोंडावर धरली.