तक्रार, लक्षण आणि शेरेबुक

रत्नागिरीच्या इतिहासात १८८६ या वर्षाला दोन कारणांनी महत्त्व आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रज सरकारने त्या वर्षी येथे आणून नजरकैदेत ठेवले. आणि येथील मनोरुग्णालयाची, म्हणजे तेव्हाच्या भाषेत वेड्यांच्या इस्पितळाची, स्थापनाही त्याच वर्षीची मानली जाते. पहिली घटना प्रत्येक पर्यटकाला सांगितली जाते, दुसरीचा उल्लेख क्वचितच होतो. या दोन्ही वास्तूंत माणसे परक्याच्या हुकमाने राहत होती. त्यांच्या तक्रारींचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्हाला इतिहासाचा आणि तितकाच भाषेचा वाटतो.

थिबाच्या तक्रारी आपल्याला ठाऊक आहेत. निवासाची गैरसोय, अपुरा तनखा, वाढते कर्ज अशा विषयांवर तो वर्षानुवर्षे सरकारकडे अर्ज करीत राहिला. नवा राजवाडा १९१० साली तयार झाला. १९१६ साली तो रत्नागिरीतच मरण पावला. त्याचे पुष्कळसे म्हणणे मान्य झाले नसेल, पण ते नोंदले गेले आणि दप्तरात टिकले. म्हणूनच आज त्याचे चरित्र लिहिता येते.

इस्पितळातील रहिवाशाच्या शब्दाला हे स्थान नव्हते. १८५८ च्या कायद्याने अशा प्रत्येक संस्थेसाठी किमान तीन अभ्यागत नेमण्याची तरतूद केली. तुरुंगांचा निरीक्षक त्यांत पदसिद्ध असे. १९१२ च्या कायद्यानेही ही रचना चालू ठेवली. अभ्यागतांनी महिन्यातून एकदा तरी सर्व इमारत पाहावी, शक्य तितक्या रुग्णांची तपासणी करावी आणि आपले शेरे वहीत लिहावेत, असा दंडक होता. त्यामागील हेतू चांगलाच होता. भिंतीआडचे काही बाहेर येण्याची ती एक वाट होती. परंतु शेरेबुकातील वाक्यांचा कर्ता पाहणारा असतो, राहणारा नव्हे. ‘जेवण निकृष्ट आहे’ हे वाक्य अभ्यागताने लिहिले की ते निरीक्षण होते. तेच रुग्णाने उच्चारले की आजाराचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो.

१९९३ साली अमलात आलेल्या १९८७ च्या कायद्याने रुग्णाची पत्रे अडवू वा नष्ट करू नयेत असे सांगितले. मात्र त्रासदायक किंवा बदनामीकारक मजकूर रोखण्यासाठी नियम करण्याची मुभाही ठेवली. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती त्रासदायक वाटणारच, हे येथे विसरता येत नाही.

त्यामुळे मोठ्या चौकश्यांना चालना मिळाली ती बहुधा बाहेरच्यांच्या शब्दामुळे. रांचीच्या मनोरुग्णालयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले ते पाटण्याच्या दोघा नागरिकांच्या पत्रावरून. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातील ३७ मनोरुग्णालयांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध केली. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी निवासस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच देशाचे तिकडे लक्ष गेले.

२०१८ साली अमलात आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात प्रथमच रुग्ण हा वाक्याचा कर्ता झाला. कलम २८ प्रमाणे सेवेतील उणिवांविषयी तो स्वतः किंवा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी तक्रार करू शकतो: आधी संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, मग पुनर्विलोकन मंडळाकडे, शेवटी राज्य प्राधिकरणाकडे. सक्तीचे मुंडण, सक्तीचा गणवेश, मोबदल्याविना काम यांविरुद्धचे संरक्षणही कायद्याने दिले. तरीही पहिली पायरी त्या संस्थेतच आहे. रत्नागिरीच्या रुग्णालयाची क्षमता ३६५ खाटांची, राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत सर्वांत लहान. अशा आटोपशीर जागी तक्रारदार लपून राहणे अवघड.

साहित्याचे विद्यार्थी अविश्वसनीय निवेदकाची चर्चा आवडीने करतात. निवेदक अविश्वसनीय असला म्हणजे त्याचे प्रत्येक विधान खोटे ठरत नाही, हे आपण वर्गात शिकवतो. चौकशी करणाऱ्यालाही हाच विवेक लागतो. स्वतःला राजा समजणारा माणूससुद्धा आमटी पाणचट आहे हे अचूक सांगू शकतो. त्याचे म्हणणे पडताळायचे असेल तर त्याच्या आजाराचे कागद चाळून भागणार नाही. स्वयंपाकघरात जाऊन आमटी चाखावी लागेल.