कच्ची पत्ताकोबी, काकडीचं लोणचं आणि कूतचा वेढा

नागपूर जिल्ह्यातल्या गटांच्या बैठकांना जातो तेव्हा हल्ली एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. शहरातल्या मोठ्या दुकानांत काचेच्या बरणीत सिरक्यातली छोटी काकडी मिळते, बर्गरमध्ये चकत्या घालतात तीच. ती आपणही करून विकावी का? आणि ज्या दिवशी घरात भाजी नसेल, त्या दिवशी लेकरांच्या ताटात ती वाढली तर भाजीची जागा भरून निघेल का?

विकण्याचा हिशेब जमत असेल तर जरूर विका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र इतिहासात सापडतं, आणि ते शोधताना आपल्याच मुलखातल्या माणसांचे हाल झाले आहेत. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

आधी आकडे. शंभर ग्रॅम कच्च्या पत्ताकोबीत 'क' जीवनसत्त्व साधारण ३५ मिलिग्रॅम असतं. ताज्या काकडीत ते जेमतेम ३ ते ६, आणि बरणीतल्या सिरक्याच्या काकडीत २ च्या आसपास. बाईमाणसाला दिवसाला ६५ मिलिग्रॅम लागतं असं आपल्याकडचे आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे वाटीभर पत्ताकोबीनं बरंच काम होतं, आणि काकडीच्या लोणच्यानं जवळजवळ काहीच होत नाही. उलट त्या शंभर ग्रॅममध्ये मीठ दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त जातं, आणि दिवसभरात मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. काकडी बिचारी वाईट नाही. तिच्यात मुळातच पाणी जास्त, आणि जे थोडं सत्त्व असतं ते खारवणात उतरून जातं.

पण लोणचं आंबट आहे ना, मग ते गुणाचं असणारच, असं बऱ्याच जणींना वाटतं. हाच समज जगानं दीडशे-दोनशे वर्षं बाळगला होता.

जुन्या काळी जहाजांवर महिनोन् महिने ताजी भाजी मिळत नसे. खलाशांच्या हिरड्या सुजत, रक्त येई, दात हलत, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. हा स्कर्व्ही रोग. १४९८ साली कालिकतला पोचलेल्या वास्को द गामाची अर्ध्याहून अधिक माणसं त्या सफरीत गेली, आणि त्यांतली बरीचशी याच रोगानं. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं सॅलिसबरी जहाजावर बारा आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना सारखंच, त्यावर प्रत्येक जोडीला वेगळं औषध: कुणाला सिरका, कुणाला पाण्यात घातलेलं गंधकाचं तेजाब, कुणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत संत्री संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर उभा राहिला आणि दुसरा बाकीच्यांची शुश्रूषा करू लागला. सिरका पिणारे होते तसेच राहिले. संत्रानगरीच्या जवळ राहणाऱ्या आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण इंग्रजांच्या आरमाराला लिंबाचा रस सगळ्यांना द्यायला १७९५ साल उजाडलं.

मधल्या काळात कॅप्टन कुकनं १७६८ च्या सफरीत आंबवलेली कोबी पिंपं भरभरून नेली. मिठात मुरवून आंबवलेल्या कोबीत निम्म्याच्या आसपास सत्त्व टिकतं, कारण मुळात ते भरपूर असतं आणि तिला आच लागलेली नसते. तेव्हा लोणचं म्हटलं की सगळं वायाच, असंही नाही. कशाचं घातलं आणि कसं घातलं, यावर ते ठरतं.

तरीही "आंबटपणाच औषध आहे" ही समजूत गेली नाही. पुढे आरमारानं मोठ्या लिंबाऐवजी छोट्या लिंबाचा साठवलेला रस वापरायला सुरुवात केली. आंबट तोही होताच. ताज्या कागदी लिंबात गुण आहे, पण बाटलीत महिनोन् महिने राहिलेल्या त्या रसात फारसं काही उरत नव्हतं. हे खरं उघडं पडलं पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये.

तिथे लढायला गेलेल्या फौजेचं नावच सहावी पुणे डिव्हिजन होतं. तिच्यात मराठा पलटणी होत्या, त्यांत कोकणातले, साताऱ्याकडचे शेतकऱ्यांचे मुलगे. टायग्रिस नदीच्या काठी कूत गावात या फौजेला तुर्कांनी वेढलं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. अन्न तुटत गेलं. गोऱ्या शिपायांना मैद्याचा पाव आणि घोड्याचं ताजं मांस मिळे, आपल्या शिपायांना कणीक आणि डाळ. घोड्याचं मांस आपल्यातल्या बहुतेकांनी धर्मामुळे अगदी शेवटापर्यंत नाकारलं. परिणाम असा झाला की मैदा खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला आणि कोंड्यासकट कणीक खाणारे आपले लोक त्यातून वाचले, पण ताजं काहीच पोटात न गेल्यामुळे ते स्कर्व्हीनं खंगले. वेढ्याबाहेरच्या फौजेतही हिंदी शिपायांमध्ये हा रोग पसरला होता. बाटलीतला लिंबाचा रस पोचला तरी उपयोग होत नव्हता.

आता यात बायका येतात, आणि आम्हाला हा भाग सगळ्यात आवडतो. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक नावाची शास्त्रज्ञ होती. १९०५ मध्ये तिनं तिथे अर्ज केला तेव्हा बाईला घेऊ नका म्हणून तिथल्याच दोघांनी वरिष्ठांकडे आग्रह धरला होता. युद्धात पुरुष निघून गेले आणि प्रयोगशाळा बायकांच्या हाती आली. चिक, मार्गारेट ह्यूम, रूथ स्केल्टन, मॅरियन डेल्फ. त्यांनी गिनीपिग या प्राण्यावर एकेक पदार्थ तपासला. आपली गाय, शेळी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करते. माणूस आणि गिनीपिग करू शकत नाहीत, त्यांना ते खाण्यातूनच मिळवावं लागतं.

तपासणीत कच्ची पत्ताकोबी अगदी वरच्या रांगेत आली. रोज एक-दीड ग्रॅम कच्चं पान एका गिनीपिगला रोगापासून वाचवायला पुरे होई. तेच पान शिजवलं की गुण बराच घटे, आणि वाळवलं की जवळजवळ नाहीसा होई. फौजेला पाठवलेल्या वाळवलेल्या भाज्या का लागू पडत नव्हत्या ते यातून कळलं. (उन्हाळ्यात आपण वाळवून ठेवतो ती वांगी, गवार चवीला उत्तम, पण ताज्या भाजीची बरोबरी त्यांना नाही.) छोट्या लिंबाचा रस मोठ्या लिंबाच्या रसापुढे फार कमी पडला. हिंदी शिपायांसाठी म्हणून या बायकांनी चिंच, आमसूल आणि आमचूरही तपासलं आणि १९१९ मध्ये निष्कर्ष छापले. तिन्हींत थोडा गुण मिळाला, ताज्या पाल्याच्या मानानं अगदी थोडा. तिन्ही आंबट, तरीही.

मग वाळवंटात ताजी भाजी आणायची कुठून? त्यांनी सुचवलेला उपाय ऐकून तुम्हाला हसू येईल. अख्खं कडधान्य चोवीस तास भिजवा आणि दोन दिवस दमट ठेवून मोड आणा. कोरड्या दाण्यात नसलेलं सत्त्व मोडात तयार होतं. आपल्या आजीची मटकी! फक्त दाणा अख्खा हवा, भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत.

'क' जीवनसत्त्व हे नेमकं द्रव्य १९२८ ते १९३२ च्या दरम्यान हंगेरीच्या सेंट-ज्यॉर्जी यांनी वेगळं काढलं आणि ओळखलं. १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी ते भरपूर मिळवलं ते मिरचीच्या गोडसर जातीतून. आपल्या भिवापूरच्या बायांना हे सांगितलं की त्या खूश होतात.

आज स्कर्व्ही आपल्या गावात दिसत नाही. दिसतं ते रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. भाकरीतलं, डाळीतलं लोह अंगी लागायला त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असलं तर मदत होते. लोणच्याच्या फोडीनं ते होत नाही.

पत्ताकोबी चिरायची ती जेवणाच्या वेळीच, सकाळी चिरून ठेवायची नाही. वरची पानं काढा, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा आणि मग बारीक चिरा. वरून सांबार, दाण्याचा कूट आणि ताजं लिंबू, मीठ अगदी शेवटी. आणि पुढच्या बुधवारी घरात भाजी नसणार हे माहीत असेल, तर मूग रविवारी भिजत घाला.